गाडी गार होईपर्यंत

मास्तरांनी बॉनेटवर तळहात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि मग काढून घेतला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "गार झाल्याशिवाय बघायची नाही."

"म्हणजे किती वेळ?" भाचीने विचारलं.

"दोन तास. अडीच धर."

भाचीने आभाळाकडे पाहिलं, मग बेकरीवाल्याकडे. बेकरीवाला अंगणाच्या मधोमध हाताची घडी घालून उभा होता. कोपरापर्यंत पीठ लागलेला मोठा माणूस, आवाजही अंगासारखाच भरदार. तो सकाळचे पाव पोचवून नुकताच परत आला होता आणि त्याच्या डोळ्यांवर झोप होती. गाडी मुद्दाम तापवून ठेवली असा आरोप त्याच्यावर करण्यात काही अर्थ नव्हता. पण गरम इंजिन गोड बोलतं आणि गार इंजिन खरं बोलतं, हे मास्तरांनी चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. आता भाचीसाठी नियम मोडायचा म्हणजे फारच झालं.

"बसा की मग," बेकरीवाला म्हणाला. "किल्ली गाडीलाच आहे. मी जरा आत पडतो. रात्रभर भट्टीपाशी असतो हो. गार झाली की उठवा." आणि तो खरोखरच आत जाऊन पिठाच्या पोत्यांवर आडवा झाला. गाडी विकणारा माणूस किल्ली गाडीला ठेवून झोपायला गेलेला मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला नव्हते. गॅरेजच्या रांगेत त्यांना हे नाव पडलं ते कानांमुळे. जुनी गाडी घेणारा माणूस आधी मास्तरांकडे यायचा. मास्तर इंजिन चालू करायला लावायचे, डोळे मिटायचे आणि मान जराशी उजवीकडे कलती करायचे. आवाजात काही काळंबेरं असलं की त्यांची डावी भुवई वर जायची. मुद्दाम नाही, आपोआप जायची. ती वर गेली की गिऱ्हाईक चपला शोधायला लागायचं, आणि जागच्या जागी राहिली की पैसे काढायला पेढीवर जायचं. भुवईने किती सौदे मोडले आणि किती जुळवले याचा हिशेब खुद्द मास्तरांपाशीही नव्हता. घरातसुद्धा तेच. पंखा करकरला, नळ खोकला, मिक्सर कण्हला, की सगळं कुटुंब श्वास रोखून मास्तरांच्या कपाळाकडे बघत उभं राहायचं.

आणि आता ते कान गेले होते.

सगळे नव्हते गेले. वरून जायला लागले होते. एखाद्या घराच्या माडीवरचं बिऱ्हाड गुपचूप सोडून जावं आणि खालच्यांना बऱ्याच दिवसांनी कळावं, तसं झालं होतं. ट्रक ऐकू यायचा, दार आपटलं की ऐकू यायचं, पुरुषमाणसाचं बोलणं स्वच्छ कळायचं, बायकांचं मात्र ओठ बघून जुळवावं लागायचं. पण खिडकीतल्या पाखरांनी चोची उघडाव्यात आणि आत काहीच नसावं, असं व्हायला लागलं. फोन टेबलावर थरथरताना दिसायचा तेव्हा वाजतोय हे कळायचं. मामी, म्हणजे मास्तरांची बायको, स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, कुकरच्या किती झाल्या?" आणि मास्तर वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगायचे, "तीन." कधी तीन, कधी चार, अंदाजपंचे. बटाट्यांचा लगदा झाला तरी मामी काही बोलायची नाही. तिचा स्वतःचा आवाजही अलीकडे जाड, खोल झाला होता. वय झालं बिचारीचं, असं मास्तर मनाशी म्हणायचे.

कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? आंधळ्या झालेल्या शिंप्याने अजून माप घेतो म्हणावं, तसलाच प्रकार. गॅरेज बंद करून दोन वर्षं झाली होती, तेव्हा झाकली मूठ तशीच राहिली असती. पण मध्येच भाचीने व्हॅन घ्यायचं काढलं.

भाचीला मास्तर टिटवी म्हणायचे. पाळण्यात असताना ती असं काही किंचाळायची की शेजारच्या गल्लीतले लोक विचारायला यायचे. टिटवी पडदे शिवायची. घरांचे नव्हे, मोठमोठ्या सभागृहांचे आणि शाळांचे, एकेक पडदा दोन माणसांनी उचलावा असा. इतके दिवस ती टेम्पो भाड्याने घ्यायची. आता घाटापलीकडच्या तीन गावांनी तिला काम दिलं होतं. पडदे न्यायचे, तिथे राहून टांगायचे, परत यायचं, तेही एकटीने. घाटाचा रस्ता म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये दहा-दहा मैल चिटपाखरू नाही. तिथे गाडी बंद पडली तर काय, असं मास्तर दिवसातून चारदा मनाशी विचारायचे.

दोन महिन्यांत त्यांनी चार गाड्या नापास केल्या होत्या. पहिलीचे टायर आतून झिजलेले. दुसरीच्या कागदावरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर एका अंकाने वेगळा, म्हणजे कारकुनाची चूक असेलही, पण नको. तिसरीच्या सतरंजीखाली ओल. चौथीचा रंग त्यांना 'फार नवा' वाटला. इंजिन चालू करण्याची वेळ येण्याआधीच काहीतरी सापडायचं, किंवा मास्तर ते सापडवायचे. चौथ्या गाडीवरून परतताना टिटवीने बसमध्ये विचारलं होतं, "मामा, मी गाडी घेऊच नये असं वाटतं का तुला?" आणि मास्तरांनी ऐकू न आल्याचं दाखवलं होतं. ते मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं.

महिनाअखेर पडदे पोचले नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार होतं. पाचवी गाडी ही.

"चल," मास्तर म्हणाले. "गार होईपर्यंत बाकीचं उरकू."

दुपार अंगणात पसरली होती. भट्टी विझत आली होती आणि तिची ऊब भिंतीतून बाहेर झिरपत होती. पावाचा वास इतका दाट होता की त्यातून चालताना पाय जरा सावकाश पडत होते. मास्तरांनी डिपस्टिक ओढली, बोटांत ऑइल चोळलं, हुंगलं. ऑइलचं झाकण काढून उलटं केलं आणि टिटवीपुढे धरलं.

"आत दुधाळ साय दिसते का?"

"नाही. काळंच आहे."

"मग ठीक. साय धरली असती तर पाणी आत गेलंय म्हणून समजायचं."

ती गुडघ्यांवर बसून गाडीच्या कडेकडेने सरकत होती. शिवणकामाच्या पेटीतलं लोहचुंबक तिने आणलं होतं, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं. मास्तरांनीच सांगितलं होतं. जिथे पत्रा खरा तिथे ते चिकटणार, जिथे गंज खरवडून लांबीचा लगदा भरलाय आणि वरून रंग फासलाय तिथे गळून पडणार. चुंबक दाराखालून चालत गेलं, चाकाच्या कमानीवरून चढलं, उतरलं. एका ठिकाणी, मागच्या डाव्या चाकापाशी, टप्पकन खाली पडलं.

"इथे खोटं आहे," ती म्हणाली.

"किती?"

तिने चुंबक चारी बाजूंनी फिरवलं. "ब्लाउजच्या बटणाएवढं."

मास्तरांना हसू आलं. पायडलचे रबर त्यांनी बघितले. क्लचचा पार गुळगुळीत झाला होता, ब्रेकचा त्याच्या खालोखाल. पाव पोचवणाऱ्या गाडीचं हे असंच असतं. शंभर पावलं जायचं, थांबायचं, दार सरकवायचं, पुन्हा निघायचं. डावं सरकतं दार वीस वेळा उघडून बंद करायला त्यांनी टिटवीला लावलं. अठराव्या वेळी ती म्हणाली, "मामा, शाळेतली शिक्षा वाटतेय." दार मात्र विसाव्या वेळीही पहिल्यासारखंच सरकलं.

"आता आत," मास्तर म्हणाले. "आणि दारं लाव."

पाव ठेवायच्या मांडण्या काढून टाकल्या होत्या. मागे नुसती फळ्यांची जमीन होती, पावांच्या कडांनी घासून घासून मऊ झालेली. दारं लागली आणि काळोख झाला, ऊबदार, आंबलेल्या पिठाच्या वासाचा काळोख. सवय झाल्यावर त्यात उजेडाचे ठिपके उमटायला लागले.

"चांदण्या," टिटवी म्हणाली. तिचे ओठ दिसत नव्हते, तरी मास्तरांना कळलं, कारण लहानपणीही ती हेच म्हणायची. गॅरेजमध्ये उघडायला आलेल्या गाड्यांत दुपारची झोपायची सवय होती तिला.

"तीन आहेत त्या मांडण्यांच्या स्क्रूंच्या," मास्तर म्हणाले. "ती चौथी, खालची, गंजाची. लांबी तडकलीय तिथली. तुझं बटण."

"एवढंच?"

"एवढंच. पावसाआधी बुजवून घेतलं की झालं. गाडीचं अंग चांगलं आहे."

मास्तर फळ्यांवर आडवे झाले. ही त्यांची जुनी पद्धत होती, आणि गॅरेजच्या रांगेत ती थट्टेचा विषय होती. मास्तर गाडी तपासत नाहीत, गाडीत झोपतात, असं लोक म्हणायचे. पण पाठ टेकवल्यावर सांगाडा एका बाजूला कलला असेल तर पाठीला कळतं, आणि माणूस गप्प पडून राहिला की नाकाला वास नीट येतात. ओलीचा, जळलेल्या वायरचा, पेट्रोलचा. इथे फक्त पाव होता. टिटवीही शेजारी पडली. कुठेतरी पत्रा तापून टकटक करत असणार. मास्तरांच्या पाठीला ती टकटक लागत होती, कानांना नव्हे.

ठिपके हळूहळू सरकत होते. एक त्यांच्या गुडघ्यावर आला, तिथून टिटवीच्या मनगटावर गेला. वर्षानुवर्षं पहाटे या काळोखातून हजारो पाव गेले असतील, असं मास्तरांच्या मनात आलं. गरम पाव, एकमेकांना टेकून, पेंगत. आपणही त्यांतलेच एक आहोत आणि कुणीतरी आपल्याला कुठेतरी पोचवायला निघालंय, असं त्यांना वाटायला लागलं. गाडी उभीच होती आणि तरी चालत होती.

मग त्यांना ऐकू यायला लागलं.

आधी पाखरं आली, चोचीचोचीतला निराळा आवाज घेऊन. मग कुकर, एक, दोन, तीन, स्वच्छ मोजता येण्यासारख्या शिट्ट्या. मामीचा लग्नातला आवाज, बारीक, काचेच्या बांगडीसारखा. त्यांनी तपासलेल्या गाड्या एकामागून एक अंगणात शिरल्या आणि प्रत्येकीने आपापला आजार सांगितला, लाजत, खालमानेने, आणि मास्तरांनी प्रत्येकीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हटलं, कळलं, कळलं. सगळ्यांत शेवटी पाळण्यातली टिटवी किंचाळली. तो आवाज इतका वर गेला, इतका वर गेला, की पत्र्याला चौथं भोक त्यानेच पडलं असावं. मास्तर झोपेत हसत होते.

खांद्यावर हात आला तेव्हा सगळं बंद झालं. उघड्या दारातून उजेड येत होता आणि टिटवीचे ओठ हलत होते.

"…गार झाली, मामा. हात लावून बघितला मी."

बेकरीवाल्याला उठवलं. त्याच्या गालावर पोत्याची वीण उमटली होती. तो डोळे चोळत गाडीत बसला. मास्तर बॉनेटपाशी उभे राहिले. बॉनेट माठासारखं गार होतं.

"लावा," ते म्हणाले.

दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन लागलं. मागून पांढरा धूर नाही, निळा नाही. मास्तरांनी डोळे मिटले, मान उजवीकडे कलती केली. खालची घरघर येत होती, सारखी, गोल, समाधानी. तिच्यावर काहीच नव्हतं. नुसती शांतता. स्वप्नाचा गोडवा अजून अंगात होता आणि त्यांना वाटलं, काय सुरेख गाडी आहे ही, इतकं शांत इंजिन आपण कधी ऐकलं नाही.

मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण मनाशी काय म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. टिटवी समोर उभी होती, श्वास रोखून. बेकरीवाला खिडकीतून वाकला होता. दोघंही इंजिनाकडे बघत नव्हते. दोघंही त्यांच्या डाव्या भुवईकडे बघत होते.

"छान आहे ना?" टिटवी म्हणाली.

"तुला कसं वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू ऐकतोयस ना."

चाळीस वर्षांत त्यांच्या घरातल्या एकाही माणसाने इंजिन ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त त्यांचं कपाळ बघितलं होतं. पंखा करकरायचा तेव्हा, नळ खोकायचा तेव्हा, सगळे जण कान बंद करून त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आणि हे त्यांना आवडायचं. आताही त्यांना खोटं बोलावं लागणार नव्हतं. भुवई होती तिथे राहू दिली की झालं. काही न करता टिटवी आनंदाने उडी मारणार होती, आणि पुढच्या आठवड्यात ती पडदे भरून एकटी घाट चढणार होती.

"बंद करा," ते बेकरीवाल्याला म्हणाले. आणि इंजिन बंद झाल्यावर म्हणाले, "टिटवे, मला ऐकू येत नाही."

"काय?"

"वरचं. बारीक. वर्ष-दीड वर्ष झालं. या इंजिनात शिट्टी वाजत असली तरी मला कळायची नाही."

टिटवी बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मास्तरांना कानांशिवाय कळलं.

"म्हणजे त्या चारही गाड्या…"

"तिसरी वाईट होती," मास्तर घाईघाईने म्हणाले. "ओल होती तिच्यात. दुसरी बहुतेक चांगली असावी."

"मामा!" हे मोठ्याने आलं असावं, कारण बेकरीवाला दचकला. "दोन महिने! मी रात्र रात्र जागून विचार करत होते, तुला माझा भरवसा वाटत नाही म्हणून! अरे, सांगायचं ना!"

"लाज वाटली."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. टेकू न मिळाल्यासारखा तिचा राग मध्येच खाली बसला. तिने ओढणीने नाक पुसलं. "आणि कुकरच्या शिट्ट्या?"

"अंदाजाने."

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही आलं. बेकरीवाला खिडकीतून अवघडून म्हणाला, "मी परत जाऊन पडू का जरा?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पुन्हा लावा. टिटवे, इथे ये. माझ्याकडे बघू नकोस. डोळे मीट."

"मला येणार नाही."

"शिलाईचं मशीन बिघडलं की तुला कसं कळतं?"

"ते काय, ऐकू येतं की."

"मग हेही मशीनच आहे. जरा लठ्ठ."

इंजिन पुन्हा लागलं. टिटवीने डोळे मिटले. मान तिने डावीकडे कलती केली.

"खाली घरघर आहे," ती म्हणाली. "मशीनच्या मोटारीसारखी. एकसारखी आहे."

"ती मला येते. तिच्यावर चढ."

तिने मान आणखी कलती केली. "टकटक नाही. सुई प्लेटला लागते तसं काही नाही. पण… एक बारीक आहे. बॉबिन भरताना दोरा ताणून धरला की येतो ना, तसा. सूंऽऽ."

"इंजिनाचा वेग वाढवा," मास्तरांनी हाताने खूण केली. "चढला?"

"चढला."

"आता क्लच दाबा."

टिटवीने डोळे उघडले. "गेला!"

"सोडा."

"आला!" तिला आनंद झाला होता, जणू तिनेच तो आवाज शिवून काढला होता. "मामा, दाबला की जातो, सोडला की येतो."

गिअरबॉक्सची पुढची बेरिंग. मास्तरांच्या डोक्यात ती गोळ्यांसकट फिरायला लागली. पण नुसतं एवढ्याने भागत नव्हतं. बेरिंग नुसती झिजली असेल तर सूर सरळ येतो आणि ती वर्षभर तशीच गात राहते. पण गोळी फुटली असेल तर सूर खरबरीत होतो, आणि तशी बेरिंग घाटातल्या तिसऱ्या वळणावर गिअरबॉक्स घेऊन बसते.

"गुळगुळीत आहे की खरबरीत?"

"कसं सांगू?" ती गोंधळली. "दोरा आहे म्हटलं ना. चांगला दोरा की गाठाळ ते… मला नाही सांगता येत, मामा."

"मग सांगू नकोस. काढून दाखव."

टिटवी बेकरीवाल्याकडे बघून लाजली. मग तिने दातांवर दात ठेवले आणि त्यांच्यामधून हवा सोडली. मास्तरांना तिचे ओठ ताणलेले दिसले आणि बाकी काही नाही.

"खाली ये," ते म्हणाले.

तिने नाकातून काढला. धुक्यापलीकडे कुणीतरी उभं असावं इतपत काहीतरी होतं, पण चेहरा दिसत नव्हता.

"अजून खाली."

तिने डोळे मिटले. इंजिन चालू होतं, दुपार कलली होती, भट्टीची ऊब पायांपाशी येऊन थांबली होती. ती वरचा सूर ऐकत होती आणि तोच खाली, गळ्यात आणत होती, पायरी पायरीने, झोपलेलं मूल माडीवरून खाली आणावं तशी, जागं होऊ न देता. आणि मग तो मास्तरांच्या उंबऱ्यात आला. हूंऽऽ. त्यांना ऐकू आला. मऊ, लांब, गुणगुणल्यासारखा, आणि दर फेऱ्याला एका जागी बारीकसा अडखळणारा. हूंऽ, ठेच. हूंऽ, ठेच.

मास्तरांची डावी भुवई वर गेली.

"गोळी फुटलीय," ते म्हणाले.

टिटवी गुणगुणायची थांबली. बेकरीवाल्याने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला.

"तो आवाज बिघाडाचा आहे?" तो म्हणाला. "दोन वर्षं झाली तो यायला लागून. पहाटे दुसरं कुणी नसतं हो रस्त्याला. मला वाटायचं, गाडी गुणगुणतेय. मीही तिच्याबरोबर म्हणायचो." त्याने तो सूर काढून दाखवला, त्याच्या भरदार गळ्यात, ठेचेसकट, एकदम बरोबर. लबाडीचा त्याच्यात लवलेशही नव्हता.

"घाटात गेली असती तर?" टिटवीने हळूच विचारलं. तिचे ओठ स्पष्ट दिसले.

"नसती पोचली."

मग बेकरीवाला खाली उतरला, पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला की बेरिंग तो स्वतः बदलून देईल, मास्तर सांगतील त्या गॅरेजात. मास्तरांनी गॅरेज सांगितलं आणि कुठली बेरिंग तेही सांगितलं. बाकी गाडी निरोगी होती.

"घेऊ का मग?" टिटवीने विचारलं.

"तू सांग."

तिचे डोळे सवयीने त्यांच्या कपाळाकडे वळले. मग तिने ते तिथून काढून घेतले आणि गाडीकडे बघितलं, बराच वेळ.

"बेरिंग बदलल्यावर परत येऊ," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "आम्ही यायच्या आधी चालवू नका. गार हवी मला. मी ऐकेन आणि मग सांगेन."

ते दोघं निघाले तेव्हा बेकरीवाल्याने दोन पाव कागदात बांधून दिले.

मास्तर घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. शेगडीवर कुकर होता. मामी पाठमोरी उभी राहून काहीतरी चिरत होती. ते खुर्चीवर बसले, वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळाने मामी मागे वळली.

"अहो, किती झाल्या?"

मास्तरांनी वर्तमानपत्र मिटलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मला शिट्टी ऐकू येत नाही गं. वर्ष झालं असेल. जास्तच."

मामीने सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. तिने शेगडी बंद केली आणि त्यांच्या समोरच्या स्टुलावर येऊन बसली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, त्याच जाड, खोल आवाजात.

"माहीत आहे? मग रोज विचारतेस कशाला?"

"कधीतरी सांगाल म्हणून."

दुपारची टिटवी त्यांना आठवली, डोळे मिटून एकेक पायरी खाली येणारी. त्यांनी पुढे वाकून मामीच्या गळ्याला बोट लावलं.

"तुझा हा आवाज," ते म्हणाले. "मला वाटत होतं, वयाने झाला."

"वयाने कसला?" मामी म्हणाली. "तुम्हाला ऐकू यावं म्हणून खाली बोलते. वर्षभर. घसा दुखतो माझा."